अकरा विजय, एक तालुका, एक पक्ष

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर विधानसभेची पहिली निवडणूक १९६२ साली झाली. २६४ जागांपैकी २१५ जागा काँग्रेसने घेतल्या. उरलेल्यांत सर्वांत मोठा गट होता शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप), १५ आमदारांचा. त्या पंधरा जणांत सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याहून निवडून आलेला पस्तिशीतला एक वकील होता. नाव गणपतराव देशमुख. पुढे २०१४ साली विधानसभा २८८ जागांची झालेली होती, शेकापच्या वाट्याला त्यातल्या ३ आल्या होत्या आणि त्या तिघांतले एक आमदार होते ८८ वर्षांचे गणपतराव देशमुख. मधल्या ५२ वर्षांत त्यांनी १३ निवडणुका लढवल्या, ११ जिंकल्या, २ हरल्या. पक्ष एकदाही बदलला नाही आणि मतदारसंघही नाही.

महाराष्ट्रात हा विक्रम आहे. देशात मात्र याहून मोठे आकडे सापडतात. तमिळनाडूचे एम. करुणानिधी १९५७ ते २०१६ या काळात १३ वेळा निवडून आले आणि एकदाही हरले नाहीत, पण त्यासाठी त्यांनी मतदारसंघ अनेकदा बदलले. केरळचे के. एम. माणी पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा जिंकले. या दोघांच्या मागे सत्तेत येणारे किंवा सत्तेत वाटा मिळवणारे पक्ष होते. देशमुखांचा पक्ष दर दशकाला थोडा थोडा आटत होता आणि ते बहुतेक काळ विरोधी बाकांवर होते. पक्षाची सत्ता नाही, पक्षाला भवितव्य नाही, सरकारी तिजोरीची चावी हाती नाही, तरी लोक पुन्हा पुन्हा निवडून देतात. असे का होते, याचे उत्तर मुंबईत सापडत नाही. त्यासाठी सांगोल्यातच जावे लागते.

सांगोला म्हणजे माणदेश. सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या कडेकडेने पसरलेला, पर्जन्यछायेत अडकलेला हा पट्टा. माण नदी तालुक्यातून वाहते असे नकाशा सांगतो, पण वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात वाळूच असते. गावे मोठी असली तरी माणसे वाड्यावस्त्यांवर विखुरलेली. मेंढ्या घेऊन दूरवर जाणारी धनगर कुटुंबे, ऊसतोडीला किंवा मुंबईला जाणारे मजूर, आणि अलीकडच्या काळात डाळिंबाच्या बागा. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला रवाना झाली, ती या डाळिंबामुळे आलेल्या बाजारपेठेच्या जोरावर.

देशमुखांचा जन्म १९२६ सालचा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. पुण्यात कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी सांगोल्यात वकिली सुरू केली. तालुक्याच्या कोर्टात येणारा पक्षकार बहुतेक वेळा बांधाचे भांडण, सावकाराचे देणे किंवा सातबाऱ्यावरची नोंद घेऊन येतो. वकील आणि कार्यकर्ता यांच्यातले अंतर तिथे फारसे उरत नाही. १९४७ साली केशवराव जेधे, शंकरराव मोरे, क्रांतिसिंह नाना पाटील अशा मंडळींनी काँग्रेसमधल्या शेतकरीवर्गाच्या नाराजीतून शेकाप उभा केला होता. १९५० च्या दाभाडी अधिवेशनात पक्षाने मार्क्सवादाची वाट धरली. लाल बावटा, एकमेकांना ‘भाई’ म्हणण्याची रीत, गावोगावी चालणारी अभ्यासशिबिरे हे सारे त्यातून आले. ‘भाई गणपतराव देशमुख’ हे पक्षातले नाव. तालुक्यासाठी ते ‘आबासाहेब’ होते.

आमदारकीची निवडणूक लोकसभेपेक्षा वेगळी असते ती नेमकी या जवळिकीच्या बाबतीत. खासदाराच्या मतदारसंघात साधारण सहा विधानसभा मतदारसंघ येतात. मतदाराला त्याचा चेहरा पोस्टरवर दिसतो. आमदाराला मात्र तो पोलीस ठाण्यात, तहसील कचेरीत, लग्नात आणि दहाव्याला भेटतो. विधानसभेला जो सर्वाधिक मते घेईल तो निवडून येतो. निम्म्याहून जास्त मतांची गरज नसते. म्हणून पक्की, न हलणारी तीस-पस्तीस टक्के मते ज्याच्यापाशी असतील त्याला तिरंगी लढतीत अर्धी लढाई आधीच जिंकल्यासारखे असते. देशमुखांनी १९६२ आणि १९६७ च्या निवडणुकांतून अशी मते बांधत आणली. त्यात त्यांच्या धनगर समाजाचा मोठा आधार होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण एका जातीच्या बळावर पन्नास वर्षे निघत नाहीत. इतर समाजातले शेतकरी, शेतमजूर आणि दलित वस्त्यांतले मतदार सोबत घेतल्याशिवाय सांगोल्यात कुणालाच विजयाजवळ जाता येत नाही.

ही मते पक्की नव्हती याचा पहिला धडा १९७२ साली मिळाला. बांगलादेश युद्धानंतरची ती निवडणूक इंदिरा गांधींच्या लाटेवर गेली. शेकाप ७ जागांवर आला आणि देशमुख हरले. त्याच वर्षी महाराष्ट्रावर तो प्रचंड दुष्काळ आला. ज्या रोजगार हमी योजनेचे नाव पुढे देशभर गेले, तिची सुरुवात याच काळातली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तिची कल्पना मांडली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून तो अमलात आला. खडी फोडणाऱ्या बायका-पुरुषांच्या रांगा माणदेशाने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. निवडून आलेल्या आमदाराच्या निधनाने १९७४ मध्ये सांगोल्यात पोटनिवडणूक लागली आणि देशमुख परत विधानसभेत पोहोचले. तिथून पुढे १९७८, १९८०, १९८५, १९९० असे ते सलग निवडून येत राहिले.

या काळात एकदा ते विधानसभेतले विरोधी पक्षनेते होते, आणीबाणीनंतरच्या १९७७-७८ च्या धामधुमीत. त्यानंतर लगेचच चाक फिरले. जुलै १९७८ मध्ये शरद पवार पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) मुख्यमंत्री झाले आणि देशमुख मंत्री. फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राने ते सरकार बरखास्त केले. दुसऱ्यांदा मंत्रिपद मिळाले ते १९९९ मध्ये, विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. तेव्हा शेकापचे आमदार पाच होते आणि काँग्रेस-राष्ट्रवादीला बहुमतासाठी अशा छोट्या पक्षांची गरज होती. २००२ साली शेकापने पाठिंबा काढून घेतला. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत मंत्रिपदाची वर्षे बोटावर मोजण्याइतकीच निघतात.

मग बाकीची वर्षे विरोधी आमदार करतो काय? सामान्य मतदाराला सभागृहाचे कामकाज म्हटले की गोंधळ, घोषणा आणि बहिर्गमन एवढेच आठवते. पण ज्याच्या हाती सत्ता नाही त्याची खरी आयुधे कागदी असतात. प्रश्नोत्तराच्या तासाला विचारलेला तारांकित प्रश्न मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यायला लावतो आणि त्यावर उपप्रश्नही विचारता येतात. लक्षवेधी सूचनेमुळे तातडीच्या विषयावर सरकारला निवेदन करावे लागते. अर्थसंकल्पी मागण्यांवरच्या कपात सूचनेतून एखाद्या खात्याचा कारभार चव्हाट्यावर आणता येतो. अंतिम आठवडा प्रस्तावावर विरोधकांना अधिवेशनाच्या शेवटी सरकारचा हिशेब मांडता येतो. जो आमदार नियमावली पाठ करतो, जुने शासननिर्णय सांभाळून ठेवतो आणि सभागृहात दिलेले आश्वासन पुढच्या अधिवेशनात मंत्र्याला आठवून देतो, त्याची खात्यांना धास्ती असते. देशमुख याच वर्गातले. सिंचन, शेतीमालाचा भाव, रोजगार हमी आणि दुष्काळ हे त्यांचे ठरलेले विषय होते आणि ते बोलायला उभे राहिले की सभागृह ऐकून घेत असे, असे दोन्ही बाजूंचे सदस्य सांगतात.

तालुक्यात मात्र त्यांचे बळ भाषणांवर उभे नव्हते. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाना ज्याच्याकडे, त्याच्याकडे राजकारण, हे गणित काँग्रेसने घालून दिले होते. सांगोल्याच्या कोरड्या रानात उसाचे राजकारण उभे राहणे अवघड. देशमुखांनी त्याऐवजी शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी केली. गंमत अशी की सांगोला तालुक्यात कापूस पिकत नाही. कच्चा माल बाहेरून आणायचा, सूत बाहेर विकायचे आणि तालुक्यात ठेवायचा तो रोजगार. महाराष्ट्रातल्या कित्येक सहकारी सूतगिरण्या कर्जात बुडाल्या किंवा कुलूप लावून बसल्या. सांगोल्याची गिरणी मात्र चालत राहिली आणि सहकारातले चांगले उदाहरण म्हणून तिचे नाव घेतले जाऊ लागले. शेकापच्या कार्यकर्त्याला ती नुसती संस्था नव्हती. आपल्या माणसाला संस्था चालवता येते, याचा तो पुरावा होता.

दुसरा पाया पाण्याचा. कृष्णेच्या पाण्याच्या वाटपाचा बच्छावत लवादाचा निवाडा १९७६ साली आला आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी आले. ते मे २००० पर्यंत अडवून वापरात आणायचे होते. नाहीतर पुढच्या लवादापुढे वाटा टिकवणे अवघड. नव्वदच्या दशकात एका बाजूला ही मुदत जवळ येत होती, दुसऱ्या बाजूला कृष्णेच्या खोऱ्यातच बसलेले दुष्काळी तालुके कोरडे होते. स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारचे लढवय्ये क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी १९९३ मध्ये आटपाडीत पाणी परिषद भरवली. देशमुख आणि चळवळीतले डॉ. भारत पाटणकर त्यात होते. तेरा दुष्काळी तालुक्यांना समन्यायी पाणी, अशी मागणी घेऊन दरवर्षी परिषदा भरू लागल्या, मोर्चे निघू लागले. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ झाले, टेंभू उपसा योजनेला गती आली. कराडजवळच्या टेंभूतून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत न्यायचे, अशी ती योजना. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमधून उचललेल्या पाण्याच्या योजनेतही सांगोल्याची काही गावे आली.

पण उपसा सिंचनाचे पाणी भाषणाएवढे लवकर येत नाही. पंप, वीजबिल, अपुरे कालवे आणि शेवटच्या टोकाला असण्याचे दुर्दैव, यामुळे सांगोल्याला पाणी पोहोचायला वर्षानुवर्षे लागली. विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळाले. इतकी वर्षे आमदार आणि पाणी कुठे, हा सवाल प्रत्येक प्रचारात आला. त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. निधी आणि मंजुरी सत्ताधाऱ्यांच्या हाती असते आणि सत्तेबाहेरच्या आमदाराला प्रत्येक टप्पा मागून, भांडून, मोर्चा काढून मिळवावा लागतो. पण मतदाराने त्याची सबब का ऐकावी?

१९९५ मध्ये हा राग दिसला. राज्यात शिवसेना-भाजपची लाट होती, अपक्षांचे पीक आले होते आणि सांगोल्यात मात्र काँग्रेसचे तरुण उमेदवार शहाजीबापू पाटील जिंकले. फरक होता १९२ मतांचा. तेहतीस वर्षांच्या कारकिर्दीनंतर आमदाराला अवघ्या १९२ मतांनी घरी बसावे लागले. पुढच्या काळात या दोघांची लढत सांगोल्याच्या राजकारणाचा ठरलेला खेळ झाली. शहाजीबापू फर्डे वक्ते, ग्रामीण ढंगाचे, गर्दी खेचणारे. देशमुख संथ, मोजके बोलणारे. १९९९ पासून चार निवडणुका देशमुखांनी ओळीने जिंकल्या. २०१४ ची त्यांची शेवटची निवडणूक देशभर गाजलेल्या मोदी लाटेत झाली. राज्यात युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या होत्या, चौरंगी-पंचरंगी लढती झाल्या होत्या. सांगोल्यात शिवसेनेच्या तिकिटावर लढलेल्या शहाजीबापूंना देशमुखांनी सुमारे २५ हजार मतांनी हरवले.

दरम्यान मतदारसंघाची हद्दही बदलली होती. २००८ च्या पुनर्रचनेत सांगोला नव्या माढा लोकसभा मतदारसंघात गेला आणि पंढरपूर तालुक्यातली काही गावे सांगोल्याला जोडली गेली. पन्नास वर्षांचा आमदार असला तरी अशा वेळी त्याला नव्या गावात उमेदवार म्हणूनच जावे लागते. माढ्यातून २००९ साली शरद पवार लोकसभेवर गेले. लोकसभेला ज्याला द्यायचे त्याला दिले, विधानसभेला आबासाहेबांना, अशी विभागणी सांगोल्याच्या मतदाराने सहज केली.

देशमुखांच्या साधेपणाच्या कथा महाराष्ट्रात बऱ्याच फिरल्या. एसटीच्या बसमध्ये विधिमंडळ सदस्यांसाठी राखीव आसन असते. बहुतेक प्रवाशांनी तिथे आमदार बसलेला कधी पाहिलेला नसतो. देशमुख त्याच आसनावर बसून प्रवास करत. या कथा खऱ्या असल्या तरी त्यांच्यातच अडकून राहिले की मुद्दा निसटतो. साधेपणाने मत मिळत नाही. पाच वर्षे हाताला लागणारा, सहज भेटणारा आमदार म्हणून मत मिळते, आणि एसटीने फिरणारा आमदार स्टँडवर, चहाच्या टपरीवर, शेजारच्या आसनावर आपोआप भेटतो. त्यांच्या पक्षाकडे पैसा फारसा नव्हता. आज मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे आणि ती कागदावरच राहते हे सगळ्यांना ठाऊक असते. शेकापचा प्रचार वाडीतल्या कार्यकर्त्याच्या पायावर चाले. तो कार्यकर्ता दोन-तीन पिढ्यांचा होता.

पक्षनिष्ठेच्या बाबतीत त्यांचे उदाहरण आणखी बोलके ठरते. १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचा कायदा आला. त्यातल्या पळवाटा २००३ मध्ये बुजवायचा प्रयत्न झाला, तरी दोन-तृतीयांश आमदारांच्या विलीनीकरणाची वाट उरली. महाराष्ट्रातले अनेक दिग्गज या काळात तीन-चार पक्ष फिरून आले. देशमुखांकडे सत्ताधारी पक्षात जाण्याची संधी आणि कारण दोन्ही होते, कारण तालुक्याला पाणी हवे होते. ते गेले नाहीत. त्याची किंमत सांगोल्यानेही मोजली, हे मात्र सांगितलेच पाहिजे. आणि निष्ठेचा फायदा पक्षाला झाला तो एवढाच की सांगोला टिकला. शेजारच्या तालुक्यांत शेकापचा बावटा रोवता आला नाही. रायगडच्या अलिबाग-पेणमध्ये आणि सांगोल्यात पक्ष जगला, बाकी महाराष्ट्रात तो नावापुरता उरला. एका तालुक्यात खोलवर रुजलेल्या पक्षाला मुळे दुसरीकडे पसरवता आली नाहीत, हे शेकापचे दुखणे देशमुखांच्या विजयांतून वरचेवर झाकले गेले.

२०१९ मध्ये नव्वदी ओलांडलेल्या देशमुखांनी उभे न राहण्याचे ठरवले. कार्यकर्त्यांचा आग्रह, मग उमेदवारीवरून झालेली ओढाताण, आणि शेवटी नातू डॉ. अनिकेत देशमुख यांचे नाव. घराणेशाहीचा आरोप टाळत आलेल्या पक्षालाही सांगोल्यात शेवटी घरातलेच नाव पुढे करावे लागले. निकाल लागला तेव्हा शहाजीबापू ७६८ मतांनी जिंकले होते. तीन वर्षांनी, जून २०२२ मध्ये, शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीच्या हॉटेलातून कार्यकर्त्याशी बोललेले त्यांचे ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ घराघरांत पोहोचले आणि सांगोल्याचा आमदार पहिल्यांदाच देशभर ओळखला जाऊ लागला, तोही एका फोनमुळे. गणपतराव देशमुखांचे ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात निधन झाले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये सांगोल्यात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा व्यासपीठावर शरद पवार आणि देवेंद्र फडणवीस दोघेही होते. सगळ्याच पक्षांना ते नाव आता सोयीचे झाले होते.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत, शेकापही ज्यात होता त्या महाविकास आघाडीतच सांगोल्याची जागा अडली. शिवसेना (उद्धव ठाकरे) ती सोडेना, त्यांनी दीपक साळुंखे यांना उमेदवारी दिली. शेकापने दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांना उतरवले. शहाजीबापू शिंदे गटाच्या शिवसेनेकडून होते. आघाडीची मते फुटणार आणि सत्ताधारी महायुतीला फायदा होणार, असा साधा हिशेब होता, आणि राज्याचा निकालही त्याच दिशेने गेला. महायुतीने २८८ पैकी २३० जागा जिंकल्या. सांगोल्यात मात्र बाबासाहेब देशमुख सुमारे २५ हजार मतांनी निवडून आले. विधानसभेतला शेकापचा तो एकमेव आमदार. सभागृहात बोलण्याची वेळ पक्षाच्या संख्येवर वाटली जाते, त्यामुळे एकट्या आमदाराच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. बाकीचे काम तारांकित प्रश्न आणि लक्षवेधींच्या कागदांवर करायचे, तालुक्यात पाण्याच्या आवर्तनांसाठी पाठपुरावा करायचा आणि पुढच्या निवडणुकीला आजोबांच्या नावाने मिळालेल्या मतांतली किती आपली स्वतःची झाली आहेत, ते पाहायचे.